रोज सकाळी कंगवा आणि रडारड : मुलांच्या केसांविषयी वाचकांचे प्रश्न

मुलांच्या केसांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पहिल्या पत्राला सर्वात जास्त जागा दिली, कारण तीच तक्रार थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी लिहिली आहे. बाकीची पत्रं वाचण्याआधी ते उत्तर वाचलंत तर पुढचं समजायला सोपं जाईल.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. केस दाट, कुरळे आणि खांद्याच्या खाली आलेले. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत. रोज सकाळी विंचरताना ती रडून घर डोक्यावर घेते, कंगव्याचे दात मोडतात आणि रिक्षा दारात येऊन उभी असते. सासूबाई म्हणतात भरपूर तेल घाल, आई म्हणते कापून टाक. पावसाळ्यात तर वेणी घातल्यावर तासाभरात केस पुन्हा पिंजारतात. काय करू? – एक आई, चिपळूण

तुमच्या मुलीला खरंच दुखतंय, ती नाटक करत नाही, हे आधी मान्य करू या. कुरळा केस जागोजागी वळलेला असतो आणि शेजारच्या केसात अडकतो. कोरड्या केसांत वरून कंगवा घातला की वाटेतल्या सगळ्या गाठी खाली ढकलल्या जाऊन एकाच जागी आवळतात. मग जो हिसका बसतो, तो थेट मुळांना. रोज सकाळी हे होत असेल तर कंगवा दिसताच मूल रडणारच.

केस कुरळा का होतो? तो ज्या खाचेतून उगवतो ती वाकडी आणि लंबगोल असते म्हणून. ही ठेवण जन्माची आहे, तेलाने किंवा विंचरण्याने ती बदलत नाही. डोक्याच्या त्वचेतून येणारा नैसर्गिक तेलकटपणा सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळतो, वळणावळणाच्या केसावर वरच थांबतो. वयात येईपर्यंत मुलांमध्ये तो तेलकटपणा मुळातच कमी असतो. म्हणून शेंडे कोरडे आणि खरखरीत. पावसाळ्यात कोकणात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. केसातल्या प्रथिनांना धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. दमट हवेत हे दिवसभर चालू राहतं, त्यामुळे सकाळी ताणून बसवलेला केस दुपारपर्यंत आपल्या मूळ वळणावर जातो. त्यात तुमच्या वेणीचा काही दोष नाही.

उपाय असा की गुंता सोडवण्याचं काम सकाळच्या घाईतून काढून रविवारच्या आंघोळीत न्यायचं. दाट, खांद्याच्या खालपर्यंतच्या केसांसाठी प्रमाण सांगतो.

नहाण्याच्या अर्धा ते एक तास आधी दोन चहाचे चमचे खोबरेल तेल केसांच्या लांबीला लावा, विशेषतः शेंड्यांना. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. धुताना केसातलं प्रथिन निघून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेल तेलाने कमी झालं. तेव्हा सासूबाईंचं तेल योग्यच आहे, फक्त त्याचा अतिरेक नको. थबथबून तेल घातलं की ते काढायला तिप्पट शाम्पू लागतो आणि केस होते त्यापेक्षा कोरडे होतात.

मग एक चमचा शाम्पू अर्धा मग पाण्यात मिसळून फक्त डोक्याच्या त्वचेला लावा आणि बोटांच्या पेरांनी चोळा. केस डोक्यावर गोळा करून घुसळू नका, निम्मा गुंता तिथेच तयार होतो. लांबीला वेगळा शाम्पू लागत नाही, धुताना खाली येणारा फेस पुरतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा केस धुणं या वयात पुरे.

आता खरं काम. केस पाण्याने निथळत असतानाच दोन ते तीन टेबलस्पून कंडिशनर कानाच्या खालच्या भागापासून शेंड्यांपर्यंत लावा. इतकं कशाला, असं वाटेल, पण कमी घातलं तर पुढचं काही जमत नाही. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकांवर धन भार. म्हणून ते केसाला चिकटून त्याला बुळबुळीत करतात. केसांचे चार भाग करा, तीन चिमट्यांनी वर बांधून ठेवा. हातातल्या भागातल्या मोठ्या गाठी आधी बोटांनी मोकळ्या करा. मग रुंद दातांचा कंगवा घ्या आणि शेवटच्या दोन इंचांपासून सुरुवात करा. तेवढे सुटले की दोन इंच वर, मग आणखी वर. या वेळी दुसऱ्या हाताची मूठ कंगव्याच्या वर केसांवर घट्ट धरा. हिसका बसला तरी तो मुठीत थांबतो, डोक्यापर्यंत पोचत नाही. मुलीचं रडणं थांबवणारी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही मूठ.

ओले केस विंचरू नयेत, असं घरोघरी सांगतात. केस ओला असताना जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे सरळ केसांना हा सल्ला बरोबर आहे. दाट कुरळ्या केसांत मात्र कोरडं विंचरण्याने होणारं नुकसान त्याहून मोठं आहे. कंडिशनरशिवाय नुसत्या पाण्यात मात्र विंचरू नका.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती पंचा घेऊन केस मुठीमुठीने दाबत पाणी टिपून घ्या. केस ओलसर असतानाच नाण्याएवढं कंडिशनर तळहातावर पसरून शेंड्यांना लावा आणि ते तसंच राहू द्या. मग वाळेपर्यंत हात लावू नका.

शाळेच्या दिवसांसाठी २०० मिलिलिटर पाण्यात एक चमचा कंडिशनर घालून स्प्रे बाटली भरून ठेवा. दोन-तीन दिवसांनी नवं करा, साठवलं तर वास येतो. रात्री हे फवारून, बोटांनी मोकळं करून एक सैल वेणी घाला. उशीला सॅटिनचा अभ्रा घातला तर मानेवरच्या गाठी खूप कमी होतात, कारण सुती अभ्र्यावर केस घासले जातात. सकाळी पुन्हा चार-पाच फवारे, शेंडे विंचरायचे आणि दोन वेण्या.

त्या वेण्या सैल हव्यात. भुवया वर ओढल्या गेल्या, कपाळाच्या कडेला बारीक पुरळ आलं किंवा मुलगी डोकं ठणकतंय म्हणाली, तर वेणी घट्ट आहे. वर्षानुवर्षं अशा ओढीने कपाळावरचे केस मागे हटतात आणि फार उशीर झाला तर परत येत नाहीत. उघडं रबर वापरू नका, कापड गुंडाळलेलं घ्या. शाळेची लाल रिबिन त्या दृष्टीने बरीच चांगली. आणि शाळेत शिक्षकांना एकदा भेटून सांगा की वेणीबाहेर येणाऱ्या बटा हा अव्यवस्थितपणा नाही, तिचे केसच तसे आहेत. सात वर्षांच्या मुलीला हे स्वतः सांगता येत नाही.

कापायचे की नाही, हे तिला विचारा. खूप आखूड कुरळ्या केसांची वेणी होत नाही आणि ते मोकळे राहून जास्त पसरतात. वेण्या सक्तीच्या असतील तर खांद्याच्या जरा खालची लांबी सोयीची.

प्रश्न : मुलाचं मुंडण पुन्हा केलं तर केस दाट आणि सरळ येतील, असं सगळे म्हणतात. खरं आहे का? – नाशिक

नाही. केसाचं मूळ त्वचेच्या खाली असतं आणि वस्तऱ्याला ते कळतही नाही. उगवलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. म्हणून मुंडणानंतर आलेले केस हाताला राठ लागतात. जावळ काढल्यावर फरक पडल्यासारखा वाटतो, कारण त्या वयात तान्हेपणीचे मऊ केस जाऊन पुढचे केस येतच असतात. जावळ हा संस्कार म्हणून जरूर करा, औषध म्हणून करू नका.

प्रश्न : मुलाच्या (वय ५) डोक्यावर मागे दोन भोवरे आहेत. तिथले केस सतत उभे राहतात. केस कापणारे दर वेळी तिथे अजून बारीक करतात आणि ते अजूनच उभे राहतात. – पुणे

बिघडतंय ते तिथेच. भोवऱ्यातला केस कुठल्या दिशेने बाहेर येणार, हे जन्माआधीच ठरलेलं असतं. लांब केस स्वतःच्या वजनाने खाली बसतो, अर्धवट आखूड केला की ताठ उभा राहतो. दोनच लांबी चालतात. एक तर भोवऱ्यावर चार-पाच सेंटिमीटर केस ठेवा, नाही तर सगळं डोकं मशिनने सारखं बारीक करून घ्या. खुर्चीवर बसण्याआधीच तसं सांगा. घरी बसवताना शेंडे भिजवून उपयोग नाही, मुळं भिजवा. आधी उलट्या दिशेने आणि मग हव्या त्या दिशेने विंचरा, आणि वाळेपर्यंत तळहाताने दाबून धरा.

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे मुलासमोर कुणी म्हणू नये एवढंच.

प्रश्न : आम्ही नव्या घरी आल्यापासून बोअरचं पाणी वापरतो. मुलीचे केस आधी लाटेदार आणि मऊ होते, सहा महिन्यांत खराट्यासारखे झाले. शाम्पू तीनदा बदलला. – लातूर जिल्हा

शाम्पू बदलून थकण्याआधी पाणी तपासा. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली बोअरचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा कीस घाला आणि जोरात हलवा. फेस नीट न येता पांढरट साका जमला तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसत राहतं, केस राठ होतो, कंडिशनरही नीट लागत नाही. अंगाच्या साबणाने केस धूत असाल तर तो साका थेट केसात राहतो. शिवाय साबण अल्कधर्मी असल्याने केसावरचे खवले उघडतात. साबण पूर्ण बंद करा.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. उकळल्याने फक्त काही प्रकारचा जडपणा जातो. भांड्याला पांढरा थर बसत असेल तर तेवढा भाग निघाला असं समजा. घरात आरओ असेल तर शेवटचे दोन मग त्या पाण्याचे घाला. साध्या यूव्ही फिल्टरने क्षार निघत नाहीत. पावसाचं पाणी पत्र्यावरून धरलं असेल तर पहिल्या एक-दोन सरींचं सोडून पुढचं वापरा, केसांसाठी ते उत्तम.

साचलेला थर काढायला एक लिटर पाण्यात एक टेबलस्पून पांढरं व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस मिसळा. शाम्पूनंतर डोकं मागे करून, डोळे मिटायला लावून, फक्त लांबीवर ओता. मिनिटभराने साध्या पाण्याने धुवा आणि मग कंडिशनर लावा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. डोक्यात खरूज किंवा ओरखडे असतील तर करू नका, भयंकर झोंबतं. प्रमाण वाढवून लवकर गुण येत नाही, केस मात्र कोरडे होतात.

प्रश्न : मुलीच्या कुरळ्या केसांत उवा झाल्या आहेत. फणी आत जातच नाही. शेजारच्या बाई रॉकेल लावा म्हणतात. केस काढून टाकू का? – मुंबई

रॉकेल अजिबात नको. ते पेट घेतं, त्वचा भाजते आणि श्वासातून छातीत जातं. पिकांवर मारायची औषधं तर जिवावर बेततात. आणि केस काढायचीही गरज नाही. मुलीची चूक नसताना तिला शिक्षा होते ती.

फणी आत जात नाही, कारण गुंता आधी सुटलेला नाही. पहिल्या उत्तरातल्या पद्धतीने भरपूर कंडिशनर लावून रुंद कंगव्याने केस पूर्ण मोकळे करा. त्याच कंडिशनरमध्ये उवांची हालचाल मंदावते. मग इंचभर रुंदीची बट घेऊन धातूची बारीक फणी मुळापासून शेंड्यापर्यंत ओढा आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसा. कानामागे आणि मानेवर जास्त लक्ष द्या. दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे हे करायचं. लिखा फुटायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून एकदा फणी फिरवून स्वस्थ बसलं की त्याच उवा परत दिसतात.

औषध हवं असेल तर औषधाच्या दुकानात एक टक्का पर्मेथ्रिनचं लोशन मिळतं. केस शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका (त्याने औषध नीट लागत नाही), पाणी टिपून घ्या, मुळांपासून लावा, दहा मिनिटांनी धुवा. नवव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा एकदा लावा. दोन वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा. ऊ उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ दिवस-दोन दिवसांत मरते, त्यामुळे घरभर औषध फवारू नका, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुतले की झालं.

प्रश्न : मी आठवीत आहे. वर्गात मला ‘मॅगी’ म्हणतात. आईला केराटिन नाही तर स्मूदनिंग करू दे म्हणून मागे लागलेय. ती नाही म्हणते. तुम्ही सांगा ना तिला. – नागपूर

नावं ठेवणाऱ्यांचं वागणं चूक आहे आणि तुला वाईट वाटणं साहजिक आहे. त्रास रोजचा असेल तर वर्गशिक्षकांना सांग. पण आईचं म्हणणं बरोबर आहे, आणि का ते तुला पूर्ण कळायला हवं.

स्मूदनिंग आणि रिबॉन्डिंगमध्ये केसातले पक्के बंध रसायनाने तोडतात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि त्या आकारात बंध पुन्हा जोडतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सहा महिन्यांनी मुळाशी सहा-सात सेंटिमीटर कुरळे आणि खाली ताठ सरळ केस असतात. मग पुन्हा पार्लर. आधी सरळ केलेल्या भागावर रसायन दुसऱ्यांदा पडलं की केस नेमके त्या सांध्यावर तुटतात. केराटिनच्या बऱ्याच मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या काही मिश्रणांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. तुझ्या वयात यातलं काहीच नको. शिवाय वयात येताना केसांचं वळण आपोआप बदलू शकतं.

आता काय करता येईल ते. तुझ्याकडे जवस सहज मिळेल. दोन टेबलस्पून जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत सात ते दहा मिनिटं उकळ. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार दिसली की गॅस बंद कर आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळ. थंड झालं की ते कापडातून उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. धुतलेले केस चिंब ओले असताना सुपारीएवढं जेल प्रत्येक बाजूला लाव, शेंड्यांकडून वर मुठीत हलकेच चुरगाळ आणि वाळेपर्यंत हात लावू नकोस. वाळल्यावर केस कडक वाटतील, तेव्हा पुन्हा मुठीत चुरगाळलेस की मऊ होतील आणि वळणं सुटी, नीट दिसतील. पांढरे कण दिसले तर जेल जास्त झालं किंवा केस आधीच वाळले होते.

दुसरं म्हणजे कट. सगळे केस एका लांबीचे ठेवले की कुरळे केस खाली त्रिकोणासारखे पसरतात. थर देऊन कापून घे, आणि हवं त्यापेक्षा कमीच कापायला सांग. ओल्या केसात दोन बोटं कापली तर वाळल्यावर चार बोटं गेल्यासारखी वाटतात.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे. केस कोरडे, विरळ, चहूकडे उभे. काही केल्या बसत नाहीत. ‘न विंचरता येणारे केस’ हा आजार असतो असं वाचलं. तो तर नसेल ना? – एक आजी, डोंबिवली

असा विकार आहे, पण अतिशय दुर्मीळ. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं आणि २०१६ मध्ये त्याला कारणीभूत असलेली तीन जनुकं सापडली. त्यात केसाचा छेद गोल नसून त्रिकोणी असतो, लांबीवर खाच असते आणि रंग बहुधा गवतासारखा किंवा रुपेरी पिवळट असतो. वयात येईपर्यंत तो बहुतेकांत आपोआप सौम्य होतो. नातवाचे केस काळे किंवा तपकिरी असतील आणि घरात आणखी कुणाचे केस लहानपणी असे होते, तर काळजीचं फारसं कारण नाही. अडीच वर्षांच्या कित्येक मुलांचे केस असेच असतात. शेंगदाण्याएवढं कंडिशनर आणि मऊ ब्रश एवढंच करा.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नका. केस जराशा ओढीने वेदनेशिवाय हातात येतात, काळ्याचे तांबूस झाले आहेत आणि मूल हडकलं किंवा पायावर सूज आहे, तर आहारातली प्रथिनं कमी पडत असू शकतात आणि बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवायला हवं. केस राठ, सोबत बद्धकोष्ठ, सुस्ती आणि उंची न वाढणं असेल तर थायरॉइडची तपासणी. गोल चट्टा, त्यावर कोंडा आणि तुटलेले खुंट दिसले तर तो बुरशीचा संसर्ग. नुसत्या मलमाने तो जात नाही, पोटातून औषध बरेच आठवडे घ्यावं लागतं, आणि तेल-हळद लावत बसल्याने वेळ जातो.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आदल्या दिवशी तेल लावू नका, केस कापू नका. नातवाचे वर्षभरापूर्वीचे फोटो आणि उशीवर गळलेले आठ-दहा केस कागदाच्या पुडीत घालून सोबत न्या.